वर्गणीच्या वाटेवरची गावे



आमचे गाव दुष्काळी पट्ट्यातले. गावाच्या वरच्या अंगाला एक पाझर तलाव आहे. १९७२ च्या दुष्काळात आमच्या आईबापांनी खडी फोडून, पाट्या वाहून तो बांधला. आता त्यात पाण्यापेक्षा गाळ जास्त आहे. गेल्या माघात सुट्टी काढून गावी गेलो, तेव्हा संध्याकाळी पारावर तोच विषय निघाला. गाळ काढला तर खालच्या विहिरी उन्हाळ्यात महिनाभर तरी जास्त चालतील आणि तो गाळ माळरानावर पडला तर दोन वर्षे खत बघायला नको. हे सगळ्यांना पटत होते. अडत होते ते पैशापाशी.

माझा पुतण्या पुण्याला नोकरी करतो. तो म्हणाला, "काका, आता वर्गणी फोनवर जमते. गावाचा फोटो टाकायचा, काम काय ते लिहायचं, खर्च किती तो सांगायचा. मुंबईचा माणूस शंभर देतो, बंगळूरचा पाचशे देतो."

आमचे थोरले बंधू लगेच म्हणाले, "म्हणजे साऱ्या मुलखापुढं पदर पसरायचा! आपल्या वाडवडलांनी असलं केलं नाही."

मी काही बोलणार तोच मागून एक मावशी बोलल्या, "पदराचं राहू द्या. आधीच्या वर्गणीचं काय झालं, ते सायबांना विचारा की."

सायब म्हणजे मीच. पारावर कोणी हसले नाही. मी खाली बघितले.

ती हकीकत शेवटी सांगतो. पण त्या रात्री झोप लागली नाही, एवढे खरे. वाडवडलांनी असे केले होते की नव्हते, आणि केले असेल तर कसे केले, हे डोळ्यांनी बघून यावे असे मनाने घेतले. चार दिवसांची रजा शिल्लक होती. पिशवीत दोन कपडे टाकले आणि निघालो. चला, तुम्हीही माझ्याबरोबर.

एक पैसा

पहिला मुक्काम तळेगाव दाभाडे. पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलने तळेगाव स्टेशनवर उतरलो. आता इथे चहूकडे कारखाने आणि उंच इमारती आहेत. पण सव्वाशे वर्षांपूर्वी हे मावळातले भाताचे गाव होते. स्टेशनाबाहेर चहा घेताना मी काचेच्या कारखान्याची चौकशी केली. गाडीवाल्याने कपबश्या विसळता विसळता म्हटले, "पैसाफंड म्हणा की!"

होय, पैसाफंड. अंताजी दामोदर काळे या गृहस्थांच्या डोक्यातून निघालेली ही कल्पना. परदेशी मालावाचून आपले अडते, कारण आपल्याकडे कारखाने नाहीत, आणि कारखाने नाहीत कारण भांडवल नाही. मग भांडवल कोणी द्यायचे? काळे म्हणाले, सगळ्यांनी. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यायचा, गरिबाने आणि श्रीमंतानेही. लोकमान्य टिळकांनी ही कल्पना उचलून धरली आणि गावोगावी डबे फिरले. त्यातून १९०८ साली इथे पैसाफंड काच कारखाना उभा राहिला. जपानात काचेचे काम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी सुरुवातीला तो सांभाळला. नुसती काच बनवून कारखाना थांबला नाही. इथे कारागीर शिकवून तयार केले आणि ते पुढे देशातल्या दुसऱ्या कारखान्यांत गेले.

चहाचा घोट घेता घेता मी मनाशी हिशेब केला. त्या काळी रुपयाचे ६४ पैसे. म्हणजे एक रुपया जमवायला ६४ माणसांपुढे उभे राहावे लागे. प्रत्येकाला काम समजावून सांगायचे, प्रत्येकाचे नाव लिहायचे. शंभर रुपये म्हणजे ६४०० माणसे! एखाद्या सावकाराकडून एकदम हजार रुपये आणणे किती सोपे होते. पण सावकाराचा हजार रुपयांचा कारखाना सावकाराचाच झाला असता. ६४ माणसांच्या रुपयातून उभा राहिलेला कारखाना सगळ्यांचा झाला.

पुतण्याच्या फोनवर जे चालते त्याचे मूळ इथे आहे. फरक इतकाच की तेव्हा डबा फिरत होता, आता चित्र फिरते.

वीस, पन्नास आणि तीस

दुसऱ्या दिवशी सासवडमार्गे पुरंदर तालुक्यातल्या नायगावला गेलो. पुरंदरचा हा भाग पावसाच्या आडोशाचा. ढग येतात, तोंड दाखवतात आणि पुढे जातात. आपल्या दुष्काळी भागातल्या माणसाला इथे परके वाटत नाही. तीच मुरमाड जमीन, तीच बोरी-बाभळी.

१९७२ च्या दुष्काळात विलासराव साळुंखे नावाचे पुण्याचे इंजिनियर आणि कारखानदार या भागात आले. हजारो माणसे रोजगारासाठी दगड फोडताना त्यांनी बघितली. दगड फोडून आजची भाकरी मिळेल, पण पुढच्या दुष्काळाचे काय, हा प्रश्न त्यांना सुटू देईना. १९७४ साली नायगावला देवस्थानची १६ हेक्टर उजाड जमीन त्यांनी भाडेपट्ट्याने घेतली. बांध घातले, पाणी अडवले, झाडे लावली आणि माळावर पीक घेऊन दाखवले. त्यातून पुढे पाणी पंचायत उभी राहिली.

मला इथे बघायची होती ती पैशाची रीत. उपसा योजनेच्या खर्चापैकी २० टक्के रक्कम गावकऱ्यांनी स्वतः आधी भरायची. ५० टक्के सरकारी अनुदान. उरलेले ३० टक्के साळुंख्यांच्या ग्राम गौरव प्रतिष्ठानने बिनव्याजी द्यायचे आणि लाभधारकांनी ते फेडायचे. म्हणजे लाखाची योजना असेल तर गावाने २० हजार रुपये आधी पुढे ठेवायचे. ज्याच्या खिशातून पैसा गेला, तो पाइप फुटला तर रात्री उठून बघतो. फुकट आलेल्या पाइपाकडे कोण बघतो?

पाण्याची वाटणीही तशीच सरळ. पाणी जमिनीच्या मापाने नाही, घरातल्या माणसांच्या संख्येने. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढे. ज्याच्याकडे जमीन नाही त्यालाही पाण्याचा हक्क. उसासारखी जादा पाणी पिणारी पिके बंद. पाणी सोडायला पाटकरी गटानेच नेमायचा.

मी कृषी पदवीधर. नोकरीत शेकडो योजना कागदावर बघितल्या. पण माणशी अर्धा एकर हे वाक्य पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ते भाबडे वाटले होते. नायगावच्या माळावर उभा राहिलो, समोर बांधांच्या रेघा दिसल्या, आणि मग वाटले की भाबडे आपणच. वर्गणी सगळ्यांकडून मागायची आणि पाणी मोटारवाल्यांनी न्यायचे, हे आपण गावोगाव बघत आलो आणि त्यालाच व्यवहार म्हणत आलो. साळुंखे २००२ साली गेले. त्यांचा हा नियम मात्र जुना होत नाही.

साताऱ्यात जेवणापुरता थांबलो. या गावात कर्मवीर भाऊराव पाटलांची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था निघाली आणि १९२४ साली ती साताऱ्याला आली. बोर्डिंगातल्या पोरांसाठी आयाबाया दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवीत. पुरेनासे झाले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. त्या मुठींतून किती घरांत पहिला शिकलेला माणूस निघाला, ते तुम्हीच आपापल्या घरात आठवून बघा. आमच्या घरातला तो मी.

येरळेकाठी

तिसऱ्या दिवशी कराडहून एसटीने कडेगाव मागे टाकून विट्याला उतरलो. खानापूर तालुक्यातले हे गाव यंत्रमागांसाठी प्रसिद्ध. या भागातली माणसे सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. शेताने पोट भरेना म्हणून बाहेर पडली, पण गावाची यात्रा आली की परत येतात. देवळाला, शाळेला त्यांचा हात लागलेला असतो. बाहेरच्या माणसाकडून गावासाठी पैसा घेणे इथे कोणी लाजेचे मानत नाही, कारण बाहेरचा माणूस बहुधा गावचाच असतो.

विट्याहून बलवडीला गेलो. येरळा नदी इथून वाहते. खटाव तालुक्यात उगम पावून ती ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. मी गेलो तेव्हा पात्र रुंद आणि पाणी थोडे. काठाला एक आबा शेळ्या राखत होते. पंचाहत्तरीचे तरी असतील. मी कशाला आलो ते सांगितले तेव्हा त्यांनी काठी रोवली आणि म्हणाले, "बळीराजा बघायला आला व्हय? बसा."

त्यांनी जे सांगितले आणि मी आधी जे वाचले होते, ते जोडून सांगतो.

१९८२ साली मुंबईत गिरण्यांचा संप झाला. खानापूरकडची कितीतरी माणसे गिरणीत होती. ती गावी परतली, तर गावी दुष्काळ. रोजगार हमीच्या कामावर जायचे, खडी फोडायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. या माणसांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली की आमच्या भागात दुष्काळ का पडतो? पाऊस कमी, हे खरे. पण नदीतली वाळूही जात होती. ठेकेदार ट्रकच्या ट्रक वाळू उपसून शहराकडे नेत होते. नदीची वाळू म्हणजे पाण्याची कोठी. पावसाळ्याचे पाणी ती पोटात धरते आणि काठच्या विहिरींना हळूहळू सोडते. वाळू गेली की नदी म्हणजे नुसते गटार. पाणी आले आणि गेले.

मुक्ती संघर्ष चळवळीने हा प्रश्न हाती घेतला. डॉ. भारत पाटणकर तिच्यात होते आणि बलवडीचे संपतराव पवारही. बलवडी आणि तांदुळवाडी या दोन गावांनी ठरवले की ठेकेदाराची वाळू बंद, आणि आपणच थोडी वाळू विकून त्या पैशातून नदीवर धरण बांधायचे. के. आर. दाते हे नामांकित इंजिनियर मदतीला आले. सरकारकडून परवानगी मिळवण्यात काही वर्षे गेली.

वाळूच्या पैशाने धरण पुरे होईना. मग शहरातल्या माणसांकडे शब्द टाकला. कोणी देणगी दिली, कोणी बिनव्याजी रक्कम उसनी दिली. त्यांतल्या बहुतेकांची इथे एक गुंठा जमीन नव्हती. गावकऱ्यांनी श्रमदान केले. शाळा-कॉलेजातली पोरे खांद्यावर पाट्या घेऊन आली. १९९० च्या सुमारास बळीराजा स्मृती धरण उभे राहिले. पाण्याचा नियम आधीच ठरला होता: प्रत्येक कुटुंबाला सारखा वाटा, भूमिहीनालाही.

आबांना मी विचारले, "आबा, परक्याकडून पैसा घेताना लाज वाटली नाही?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितले. "लाज कसली? आमी घाम घातला, त्यांनी पैका घातला. आमचं आमी आदी घातलं हुतं, मग मागितलं. रिकाम्या हातानं गेलो असतो तर लाज वाटली असती."

थोड्या वेळाने म्हणाले, "आन् घेतलं त्याचं सांगितलं. कुणाचं किती, कशाला गेलं. सांगितलं नाही तर ती भीकच की, सायब."

मंडळी, एक कबुली देतो. धरणाचे काम चालू होते तेव्हा मी कोल्हापूरला कृषी महाविद्यालयात शिकत होतो. सुट्टीत श्रमदानाला जाऊ म्हणता म्हणता मी गेलो नाही. पस्तीस वर्षांनी गेलो, तो शेळ्या राखणाऱ्या माणसाकडून धडा घ्यायला.

फोनवरची वर्गणी

आता पुतण्याच्या फोनकडे येऊ. आपल्या देशात रंग दे ही संस्था २००८ पासून, मिलाप २०१० पासून आणि केट्टो २०१२ पासून असे काम करते. रंग देची रीत कर्जाची. अनेक माणसे थोडे थोडे पैसे एखाद्या शेतकऱ्याला किंवा लहान धंदेवाल्याला देतात आणि तो ते फेडतो. बाकीच्या ठिकाणी मुख्यतः देणग्या जमतात, त्याही जास्त करून दवाखान्याच्या खर्चासाठी. आजारी लेकराचा फोटो बघून माणसाचा हात खिशात जातो. तलावाला रडता येत नाही. म्हणून तलावासाठी मागायचे तर काम आणि हिशेब दोन्ही चोख मांडावे लागतात.

फिरून आल्यावर पुतण्यापुढे बसून मी जे लिहून काढले ते तुमच्याही उपयोगी पडेल.

पहिले म्हणजे गावाचा वाटा आधी. पैसा, श्रम, ट्रॅक्टर, काहीही चालेल. २० टक्के हे माप चांगले आहे. गाळ तर शेतकऱ्याने स्वखर्चाने वाहून न्यावा. २०१७ साली राज्यात सुरू झालेल्या गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेतही ही रीत होती. तलाव कोणाच्या ताब्यात आहे ते बघून ग्रामपंचायतीचा ठराव आणि संबंधित खात्याची परवानगी आधी घ्यावी.

दुसरे, मागायच्या आधी पाण्याची वाटणी ठरवावी आणि ती लिहून काढावी. नंतर ठरवू म्हटले की बळी तो कान पिळी.

तिसरे, खाते एकट्याच्या नावाने नको. संस्थेचे असावे आणि दोन सह्यांचे असावे. त्यात एक सही बाईमाणसाची असली तर उत्तम.

चौथे, फोनवरच्या संस्थेचे शुल्क किती, ठरलेली रक्कम पुरी जमली नाही तर पैसे मिळतात की परत जातात, हे आधी वाचावे. परदेशी नागरिकाकडून किंवा संस्थेकडून देणगी घ्यायची तर २०१० च्या परकीय देणगी कायद्याखाली नोंदणी लागते. ती नसेल तर असा पैसा घेऊ नये.

पाचवे, सावध राहावे. पैसे यायचे असतील तर आपला पिन नंबर कधीच टाकावा लागत नाही. कोणी ओटीपी विचारला तर फोन ठेवून द्यावा. वर्गणीच्या नावाने लुबाडणारेही याच रस्त्याने येतात.

आणि सहावे म्हणजे हिशेब. तो मला सांगायचा अधिकार नव्हता. म्हणून आता ती जुनी हकीकत.

पाकिटातले ७४० रुपये

२००३ च्या दुष्काळात याच तलावाचा गाळ काढायला गावाने वर्गणी केली होती. मी नोकरीचा माणूस, शिकलेला, म्हणून वही माझ्याकडे. १८,३५० रुपये जमले. यंत्राचे भाडे, डिझेल, चालकाचे जेवण मिळून १७,६१० रुपये गेले. काम अर्धे झाले आणि पाऊस आला. मी बदलीच्या गावी निघून गेलो. पावसात हिशेब कोण ऐकतो, पुढे वाचू, असे म्हणून वही कपाटात ठेवली. ७४० रुपये पाकिटात घालून वहीला टाचले. पुढे म्हणता म्हणता वीस वर्षांवर गेली. मी चोरी केली नाही. पण गावाने काय समजायचे? त्यानंतर आमच्या गावात दुसरी वर्गणी झाली नाही. त्या मावशींनी तेव्हा कोंबडी विकून ५० रुपये दिले होते. त्यांचे नाव वहीत अकराव्या पानावर आहे.

फिरून आल्यावर ती वही काढली. पाकीट उघडले. एक पाचशेची नोट, दोन शंभराच्या, चार दहाच्या. पाचशेची नोट जुनी. २०१६ च्या नोव्हेंबरात ती बंद झाली, तेव्हाही मला पाकिटाची आठवण आली नाही. गावाचे पैसे माझ्या कपाटात कागद होऊन पडले होते.

पुढच्या रविवारी पारावर सगळ्यांना बोलावले. उभा राहून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वही वाचली, प्रत्येक नाव आणि प्रत्येक रक्कम. त्यातली कितीतरी माणसे आता नाहीत. त्यांची मुले, सुना ऐकत होत्या. पाऊण तास लागला. रद्द झालेली नोट मी सगळ्यांना दाखवली आणि तिच्या जागी माझ्या खिशातली पाचशेची ठेवली. व्याज किती द्यायचे ते तुम्ही सांगा, असे म्हणालो.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मावशी म्हणाल्या, "व्याज नको. ह्या वक्ताला वही तुमच्याकडं नको, एवढंच."

सगळे हसले, आणि मीही. वही आता बचत गटाच्या दोघीजणींकडे आहे. ते ७४० रुपये नव्या वर्गणीची पहिली नोंद म्हणून लिहिले. दादांनी त्याखाली आपले पाच हजार लिहिले आणि पुतण्याला म्हणाले, "आधी आपला वाटा पुरा होऊ दे. मग टाक तुझा फोटो." शाळेच्या भिंतीवर काळा फळा रंगवला आहे. दर शनिवारी जमा आणि खर्च त्यावर लिहायचा असे ठरले आहे. गावाचा वीस टक्क्यांचा वाटा अजून पुरा झालेला नाही. सोयाबीनचे पैसे आले की होईल असे म्हणतात.

वाचकहो, तुमच्या गावातही कोणाच्या तरी कपाटात अशी एखादी वही असेल, देवळाची, शाळेची, बंधाऱ्याची. नवी वर्गणी फोनवर मागायची की डबा फिरवून, हे पुढे ठरवा. आधी ती वही बाहेर काढा आणि चार माणसांत वाचा.